पॅटीचं सोंग

बर्गर हा मुळात न बघता खायचा पदार्थ. दोन्ही हातांनी धरायचा, जरा दाबायचा, जबडा जमेल तेवढा उघडायचा आणि सॉस मनगटावर ओघळायच्या आत संपवायचा. वरचा पाव उचलून आत डोकावणारे फक्त दोघे. काकडीची चकती शोधून बाजूला काढणारी लहान मुलं आणि वनस्पतीजन्य पॅटी मागवणारी माझ्यासारखी माणसं. मुलांना काकडी लगेच सापडते. आम्हाला बघूनही काही कळत नाही, कारण कळू नये म्हणूनच ती पॅटी तशी केलेली असते.

तपकिरी रंग, किंचित करपलेली कड, वर जाळीचे काळे पट्टे. मोडली तर आत गुलाबीसर ओल. माझी मावशी जन्माची शाकाहारी. अशी पॅटी पहिल्यांदा समोर आली तेव्हा तिनं पाव उचलला, बोटानं जराशी टोकरली आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. "अगं, हे कच्चं आहे."

"मावशी, मटारची आहे ती. रंग बिटाचा."

"मटारला रक्त कधीपासून यायला लागलं?" असं म्हणून तिनं फ्रेंच फ्राइज पुढ्यात ओढले.

तिचं काही चुकलं नव्हतं. ती पॅटी तिच्यासाठी नव्हतीच. मांस कधीच न खाल्लेल्या माणसाला मांसासारखं लागण्याचं कौतुक काय असणार? हा सगळा खटाटोप मांस खाणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांनी ते सोडावं म्हणून नाही, तर सोडलंय हे त्यांच्या लक्षातही येऊ नये म्हणून.

आधीच्या पिढीतल्या पॅटीला असली महत्त्वाकांक्षा नव्हती. १९८२ मध्ये लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी 'व्हेजेबर्गर' विकायला काढला तेव्हा ते एक कोरडं मिश्रण होतं. पाणी घालून कालवायचं, थापायचं, भाजायचं. त्या घराण्यातल्या पॅट्यांमध्ये पुढे गाजराचा कीस दिसायचा, मक्याचा दाणा दाताखाली यायचा. खाणारे आधीच मांस सोडलेले, त्यामुळे कुणाला फसवायचा प्रश्नच नव्हता. मांसाहारी मंडळी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

त्यांना बघायला लावायचं कसं, हा प्रश्न पॅट्रिक ब्राऊन यांनी मनावर घेतला. हे स्टॅनफर्डमधले जीवरसायनशास्त्रज्ञ. २०११ मध्ये त्यांनी इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी काढली. मांसाची चव मांसात येते कुठून, तर 'हीम' नावाच्या लोहयुक्त रेणूचा त्यात मोठा हात असतो. रक्ताला लाल रंग देणारा तोच. गंमत अशी की हीम असलेलं एक प्रथिन सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतही असतं. त्यासाठी शेतंच्या शेतं उपटत बसण्यापेक्षा त्याचं जनुक यीस्टमध्ये घातलं आणि टाक्यांमध्ये ते प्रथिन आंबवून काढलं. बियाँड मीट या दुसऱ्या कंपनीनं हीमच्या वाटेला न जाता मटारचं प्रथिन आणि बिटाचा रस यांवर भागवलं. चरबीच्या जागी खोबरेल तेल. तव्यावर ते वितळतं, चुरचुरतं आणि बघणाऱ्याला खात्री पटते.

सगळं एकत्र धरून ठेवायला मिथाइलसेल्युलोज. हा पदार्थ मला फार आवडतो, कारण तो उलट्या डोक्याचा आहे. जिलेटिन थंड झालं की घट्ट होतं आणि तापवलं की पातळ. हा तापला की घट्ट होतो, गार झाला की सैल पडतो. म्हणून गरमागरम खाताना पॅटी दाताला छान अडते आणि गप्पांत निवू दिली की मऊ पडते. असला बर्गर समोर ठेवून वाद घालत बसू नये. आधी खावा, मग भांडावं.

२०१६ मध्ये इम्पॉसिबलचा बर्गर पहिल्यांदा मिळू लागला तो न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये. पण सोंग वठवायला खरी जागा फास्ट फूडचीच. नीट विचार केला तर तिथल्या बर्गरमध्ये पॅटीला बोलायला वाव असतो किती? मेयोनीज, केचप, खारवलेली काकडी, कच्चा कांदा, टोमॅटो, वर तिळाचा पाव. एवढ्या गलक्यात सोयाबीन काय आणि गाय काय! २०१८ मध्ये व्हाइट कॅसल या अमेरिकन फास्ट फूड साखळीनं ही पॅटी आपल्या छोट्या बर्गरमध्ये घातली. व्हॉपर हा बर्गर किंगचा प्रसिद्ध गोमांसाचा बर्गर. त्याच्या वनस्पतीजन्य अवताराची, इम्पॉसिबल व्हॉपरची, घोषणा त्यांनी केली ती २०१९ च्या १ एप्रिलला, सेंट लुईस भागात चाचणी म्हणून. मुहूर्त मुद्दामच निवडलेला, कारण जाहिरातीत व्हॉपरच्या चाहत्यांना न सांगता ही पॅटी खिलवून त्यांचे चेहरे टिपले होते. त्याच वर्षी ८ ऑगस्टला तो अमेरिकाभर मिळू लागला.

लगेच नोव्हेंबरमध्ये कोर्टकचेरी. वनस्पतीजन्य म्हणता आणि मांसाच्याच जाळीवर भाजता, अशी एका व्हीगन ग्राहकाची तक्रार. २०२० मध्ये खटला फेटाळला गेला, पण त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं बर्गर किंगच्या तिथल्या वनस्पतीजन्य 'रेबेल व्हॉपर'च्या जाहिराती त्याच कारणावरून थांबवायला लावल्या. शिवाय त्यात अंड्याचं मेयोनीज होतं. म्हणजे चरबी काढायची, बीट पिळायचं, यीस्ट कामाला लावायचं आणि शेवटी पॅटी शेजारच्या गायीच्या रसात लोळवायची. माझ्या मते हा निव्वळ आळस.

तब्येतीचं म्हणाल तर तिकडे फार अपेक्षेनं बघू नये. सुरुवातीला साध्या व्हॉपरमध्ये ६६० कॅलरी होत्या, इम्पॉसिबलमध्ये ६३०. सोडियम मात्र ९८० मिलिग्रॅमवरून १,२४० वर गेलेलं. फायदा आहे तो पृथ्वीचा. मिशिगन विद्यापीठानं २०१८ मध्ये केलेल्या तुलनेत बियाँडच्या पॅटीमुळे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन गोमांसाच्या पॅटीपेक्षा ९० टक्क्यांनी कमी निघालं. अभ्यासाचे पैसे बियाँडनंच दिले होते, हे खरं. तरी गायी पाळायला जमीन किती लागते याचा अंदाज असलेल्या कुणाला त्या निष्कर्षाची दिशा खोटी वाटणार नाही.

पण काउंटरपुढे उभं राहून पृथ्वीचा विचार करतंय कोण? तिथे भूक असते आणि पाठीमागे रांग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे या पॅटीलाही भोवलं. इम्पॉसिबल व्हॉपर साध्यापेक्षा साधारण एक डॉलरनं महाग होता. चव तीच, भूक तेवढीच भागणार, मग डॉलर जास्त का मोजायचा? हुबेहूब नक्कल करण्यातली मेख ती हीच. जमली नाही तर कुणी खात नाही आणि जमली तर अस्सल स्वस्तात मिळतंच आहे.

बियाँडचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला आला आणि पहिल्याच दिवशी ६५ च्या पुढे बंद झाला. २०२५ मध्ये तो एका डॉलरच्याही खाली उतरला. मॅकडोनल्ड्सनं 'मॅकप्लांट' हा आपला वनस्पतीजन्य बर्गर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ६०० दुकानांत चालवून पाहिला आणि गुंडाळला. ब्रिटनमध्ये मात्र तो टिकला. तिथे त्यांनी भाजायची सोय वेगळी ठेवली, सॉस आणि चीजही वनस्पतीजन्य केलं. कुणासाठी करतोय हे निदान ठरवलं तरी.

मला सर्वांत जास्त हसू आलं ते २०२४ मध्ये. बियाँडनं नवं सॉसेज बाजारात आणलं आणि सांगितलं की हे कोणत्याही मांसासारखं लागावं म्हणून बनवलेलंच नाही. भाज्या, मटार, मसूर, तांदूळ, जे आहे ते उघड. अशी पॅटी फास्ट फूडवाल्यांनी पावात घालून विकायला काढली तर वरचा डॉलर मोजायला मी तयार आहे. फक्त भाजायची जाळी वेगळी हवी.