न बघता पोचले

मंगळवार, रात्री साडेअकरा. विमाननगर.

चाकणच्या मंडळींबरोबरचं जेवण व्यवस्थित झालं. दराचं बोलणं उद्या सकाळी त्यांच्या कारखान्यात होईल, त्याची चिंता नाही. दुपारपासून मनात अडकलंय ते वेगळंच आहे, आणि इतकं लहान आहे की ह्यांना फोनवर सांगताना मला पुढचं वाक्यच सुचेना. "उतरताना खिडकी बंद करायला लावली," एवढंच म्हणाले. हे म्हणाले, "बरं, मग?" मग काय ते मलाही माहीत नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

दुपारचं बंगळूरचं विमान. नेहमीसारखी खिडकीची जागा. कंपनी तिचे जादा पैसे देत नाही, ते मी माझे भरते. इतर गावांना जाताना नाही भरत. हैदराबादला, चेन्नईला जागा मिळेल तिथे बसते आणि झोपते. फक्त पुण्याला येताना. विमान उतरणीला लागलं तसा लॅपटॉप मिटला, चष्मा पुसला, कपाळ काचेला टेकवलं, आणि तेवढ्यात घोषणा झाली. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे, सगळ्यांनी खिडक्यांच्या झडपा खाली ओढाव्यात, विमान थांबेपर्यंत उघडू नयेत. पुढच्या रांगांमधल्या झडपा एकेक करून खाली आल्या. मी हात लावला नाही. मग ती मुलगी आली, वाकून अगदी हळू आवाजात "मॅडम, प्लीज" म्हणाली. मी झडप ओढली.

नियमाशी माझं भांडण नाही. लोहगावचा तळ १९३९ सालचा, सुखोई विमानं तिथे असतात, धावपट्टी हवाई दलाची आणि आपण नागरी प्रवासी त्यांच्या अंगणातून ये-जा करणारे. सीमेवर असलेल्यांच्या घरच्यांना विचारलं तर ते म्हणतील की एवढ्याशा झडपेचं काय घेऊन बसलीस. बरोबरच म्हणतील. तरीही हाताने ती झडप खाली ओढताना घशाशी काहीतरी आलं, ते आलं.

खिडकी बंद करून उतरणं फार विचित्र असतं. विमान वळतं ते फक्त पोटाला कळतं. कुठल्या बाजूला वळलं, का वळलं, काही कळत नाही. पंखांतून घरघर येते, पायाखाली चाकं बाहेर पडल्याचा दणका बसतो, कान दडपतात. मागच्या रांगेतला एक मुलगा, असेल पाच-सहा वर्षांचा, सारखा म्हणत होता, "पण मला बघायचंय. आपण कुठे आलो ते बघायचंय." त्याचे बाबा त्याला लढाऊ विमानांबद्दल समजावत होते. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. मला वळून त्याच्या हाताला हात लावावासा वाटला. नाही लावला.

काय बघायचं असतं मला? हे आजपर्यंत कधी स्वतःला विचारलं नव्हतं. वाऱ्याप्रमाणे उतरायची दिशा बदलते, त्यामुळे दर वेळी सगळं दिसायचंच असंही नाही. पण हवा स्वच्छ असली आणि बाजू बरोबर मिळाली तर आधी खडकवासल्याचं पाणी, मग डोळे ताणून पर्वती शोधायची. पर्वती सापडली की तिच्या दक्षिणेला सहकारनगर, तळजाईचं हिरवं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आमची गच्ची. गच्ची दिसली असं मी छातीठोकपणे एकदाही म्हणू शकणार नाही. पांढऱ्या टाक्यांची ती एवढी दाटी. पण "ती असेल" म्हणून एका ठिपक्यावर नजर ठेवायची आणि तो ठिपका पंखाखाली जाईपर्यंत सोडायचा नाही.

कारण गच्चीवर आई असायची. माझ्या विमानाची वेळ झाली की वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून वर जायची. आकाशात दिसेल ते विमान माझं धरायची. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत सांगायची, "पाहिलं मी तुझं विमान, हात केला." कधी कधी ते विमान दिल्लीहून आलेलं असायचं, वेळेवरून सरळ कळायचं. मी कधी बोलले नाही. बाबा तर विमानतळावरच यायचे, दाराच्या अगदी समोर, त्या निळ्या पिशवीसकट. ते राहू दे.

आता ती गच्चीच नाही. इमारत पुनर्विकासाला गेली, आई दादाकडे धनकवडीच्या भाड्याच्या घरात, तिच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे आज खिडकी उघडी असती तरी मी काय शोधणार होते? खोदलेला खड्डा आणि क्रेन? तरीही शोधलं असतं. न शोधता पोचायला लागलं, हे लागलं मला. दुसऱ्या कुठल्याही गावी उतरावं तशी मी माझ्या गावात उतरले. खाली उतरल्यावर ते नवं टर्मिनल, २०२४ साली सुरू झालेलं, मोठं, चकचकीत, कमानींचं. सरकत्या पट्ट्यावरून बॅग आली, गाडीवाल्याने "कहाँ जाना है मॅडम" विचारलं, हॉटेलात आधार कार्ड मागितलं, त्यावर बंगळूरचा पत्ता. प्रत्येक ठिकाणी मला वाटत राहिलं की मी अजून आलेच नाहीये.

साडेआठपर्यंत मोकळी होते. आईचं आज भजनी मंडळ, वहिनी कामावर, घरी सातच्या आत कुणीच नसणार. आईनेच सांगितलं होतं की उद्या जेवायलाच ये. हॉटेलच्या खोलीत बसवेना. रामवाडीहून मेट्रो घेतली.

मेट्रो वरून जाते तोवर बरं वाटलं. नदी ओलांडली, पाणी दिसलं, बंडगार्डनची झाडी दिसली. दारापाशी उभी राहून अधाशासारखी बघत होते. मग जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. तिथे जमिनीखाली तेहतीस मीटर उतरायचं, एका सरकत्या जिन्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. खालची गाडी कसब्याकडे निघाली आणि काचेबाहेर काळोख. लक्षात आलं की आत्ता डोक्यावरून मुठा वाहत असणार. ज्या नदीवरून शाळेला, कॉलेजला, लग्नाच्या खरेदीला गेले, ती नदी मी आज खालून ओलांडली, तीही न बघता. एकाच दिवसात दोनदा. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. समोरच्या बाईंनी मान वळवली, मला वाटतं मुद्दामच, मला संकोच नको म्हणून.

मंडईला वर आले. मंडईची ती दगडी अष्टकोनी इमारत बघितली आणि श्वास जरा मोकळा झाला. बाहेर कोथिंबिरीचे ढीग, सीताफळं, गजरेवाल्या. एक आजी लिंबं निवडत होत्या, "ताई, पातळ सालीची आहेत, घेऊन बघा," म्हणाल्या. हॉटेलात लिंबांचं काय करणार, तरी अर्धा डझन घेतली. उद्या आईला. तुळशीबागेत शिरले नाही, तिथे एकटीने जायचंच नसतं मला. बाजीराव रस्त्याने सरळ चालत निघाले. दुकानं बदललीत, काही वाडे गेलेत, काहींच्या नुसत्या चौकटी उभ्या आहेत आणि आत पत्रे. ते बघून काही वाटायला हवं होतं, पण आज माझ्याकडे त्यासाठी जागा नव्हती.

कुठे चाललेय ते सारसबाग आल्यावर कळलं. पर्वतीवर. मला उंचावरून बघायचं होतं, दुसरं काही नाही. विमानात जे मिळालं नाही ते पायांनी मिळवायचं.

पर्वतीच्या पायऱ्या एकशे तीन, हे पुण्यातल्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ असतं. रोज चढणारे काका-काकू हळू, एका लयीत जात होते. मी घाई केली आणि निम्म्यावर थांबले. कठड्याला टेकले. खालून कुणीतरी म्हणालं, "सावकाश, वर काही पळून जात नाही." वरचं देवदेवेश्वराचं मंदिर १७४९ सालचं, आणि पानिपतानंतर खचलेले नानासाहेब पेशवे १७६१ साली इथेच गेले. लहानपणी बाबा तो भाग सांगताना आवाज खाली आणायचे. देवाला नमस्कार केला आणि दक्षिणेच्या बाजूला गेले.

सहकारनगर दिसलं. आमची जागाही दिसली, क्रेनमुळे ओळखू आली. खड्डा नाही, सात-आठ मजल्यांचा सांगाडा उभा राहिलाय आणि वर माणसं आहेत. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. वाटलं, पण थोडं. त्याहून जास्त वाटत राहिलं ते तेच, की मी वरून आले तेव्हा हे असंच होतं आणि मी पाहिलं नाही. मग उत्तरेला गेले. शहराचे दिवे लागायला लागले होते. लांब लोहगावच्या बाजूला एक विमान उतरत होतं, त्याचा दिवा हळूहळू खाली येत होता. त्यातल्या सगळ्या खिडक्या बंद असणार. त्यातही कुणी पुण्याचं असणार.

आणि आईचा फोन आला.

"पोचलीस ना गं? मला माहितीये, पोचलीस. बघितलं मी."

"काय बघितलंस?"

दादाच्या धाकट्याने तिच्या मोबाइलवर ते विमानं दिसणारं काहीतरी घालून दिलंय. नकाशावर पिवळी विमानं सरकतात, बोट ठेवलं की कुठून कुठे, किती उंचीवर, सगळं येतं. आई मंडळात मांडीवर मोबाइल ठेवून बसली होती. अभंग चालू होता आणि ती टाळ वाजवता वाजवता एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. "आधी कितीतरी वेळ तू कर्नाटकातच होतीस. मग भरभर आलीस. जेजुरीवरून गेलीस तेव्हा मी हात जोडले, तुझ्याही वतीने. मग वाघोलीच्या अंगाने वळलीस. मग आकडा कमी कमी होत गेला, पाच हजार, तीन हजार, आणि लोहगावला टेकलीस. तुकोबांचं आजोळ ते, तिथे उतरायचं म्हणजे काय काळजी!"

मी काही बोलूच शकले नाही. पहिल्यांदा, खरं सांगते, हेवा वाटला. माझी वाट तिला दिसली आणि मला नाही. मी जेजुरीवरून गेले हे मला पर्वतीवर उभं राहून आईकडून कळलं. पोटाला जे वळण कळलं होतं ते वाघोलीचं होतं, हेही. मग तिला म्हटलं, "आई, पुन्हा सांग. पहिल्यापासून." तिने सांगितलं. या वेळी मध्ये सोलापूरही आलं, ते बहुधा तिने पदरचं घातलं. मी कठड्यावर बसून सगळं ऐकलं, आणि ऐकता ऐकता दुपारचा प्रवास माझ्या डोळ्यांपुढे झडप वर करून झाला. दिल्लीचं विमान माझं म्हणून हात करणारी माझी आई, आता नेमकं माझंच विमान बघते. नंबरासकट. गच्ची नसून बघते.

तिला खिडकीचं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण माझ्याइतकं नाही. "सैन्याचं काम आहे बाई, त्यात आपण बोलू नये," म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मोबाइलवर हात करता येत नाही गं. नुसतंच बघायचं."

ते वाक्य अजून कानात आहे. त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही, लिंबांचं काहीतरी बोलले.

मी पर्वतीच्या पायऱ्या उतरत असताना तिने फोनवर खरा विषय काढला. नव्या इमारतीची गच्ची बाराव्या मजल्याच्या वर असणार. दादा म्हणतो, हल्ली नव्या इमारतींत गच्चीला कुलूप असतं, चावी वॉचमनकडे, सुरक्षेचं कारण देतात. आईला ते टोचतंय. बैठकीत तिने विचारलं नाही, सगळी पुरुषमंडळी एफएसआय आणि पार्किंगवर बोलत होती. "तू सांग ना सेक्रेटरींना. तुझं ऐकतील. तुला बोलता येतं."

बोलता तिलाही येतं. पण बाबा गेल्यावर भागदाखला तिच्या नावावर झालाय, म्हणजे पत्र तिच्याच नावाने जायला हवं. मसुदा मी आज झोपायच्या आत करते, उद्या जेवल्यावर ती सही करेल. मुद्दे एवढेच: गच्ची सर्व सभासदांना सकाळी सहापासून दिवेलागणीनंतर तासभर तरी उघडी असावी. लिफ्ट गच्चीपर्यंत जावी, कारण शेवटचा जिना ज्येष्ठांना जमत नाही. कठड्यापाशी एक बाक असावा, आणि तो ईशान्येकडे तोंड करून असावा. ईशान्य का, असं सेक्रेटरी विचारतील. विचारू देत, आई सांगेल.