शाईचा पेन आणि आपली शिरोरेघ

मागच्या वर्षी मार्चमध्ये पेपर तपासायला बसले आणि तिसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की चहाचा कप उचलताना पण दुसरा हात लावावा लागायचा. मी ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते, बावीस वर्षं झाली, म्हणजे टाचण, हजेरी, वह्यांवरचे शेरे, पेपर असं वर्षभर काही ना काही हातानं लिहिणं चालूच असतं. नाशिकला गंगापूर रोडला डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, आधी लिहून दाखवा. मी बॉलपेननं दोन ओळी लिहिल्या. त्यांनी कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवलं, अक्षरं हाताला लागत होती. "मॅडम, केवढा जोर लावताय तुम्ही," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मी परत शाईच्या पेनावर आले, आणि आता सव्वा वर्ष होऊन गेलं, रोजचं सगळं लिहिणं त्यानंच करते. शोकेसमधला पेन नाही, सहीपुरता खिशाला लावायचा पण नाही. रोजचा.

फरक कुठे पडतो ते आधी सांगते. बॉलपेनच्या टोकाला गोळी असते, ती कागदावर घासून फिरली की मागची घट्ट शाई खाली येते, आणि ती फिरायला दाब द्यावा लागतो. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही. निबेला मधोमध जी चीर असते तिच्यातून शाई केशाकर्षणानं आपणहून उतरते, दिव्याच्या वातीत तेल चढतं ना तेच, आणि निब कागदाला नुसती टेकली की कागद ती ओढून घेतो. निबेच्या खाली काळी जीभ असते, खरी करामत तिची. तिच्यात बारीक खाचा असतात, शाई खाली येते तेवढी हवा वर टाकीत जाते, हा हिशोब ती सांभाळते. हवा वर गेली नाही तर शाई अडते, जास्त गेली तर डाग पडतो. पेन बनवणाऱ्या वॉटरमननं अमेरिकेत १८८४ साली जे पेटंट घेतलं ते याच हवा-शाईच्या देवाणघेवाणीसाठी. आपण शाळेत पेन चालेना की तो झटकायचो आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या शर्टावर ठिपके उडायचे, तेव्हा बहुतेक वेळा ही जीभच वाळलेल्या शाईनं चोंदलेली असायची.

पहिला पेन मी मेन रोडला एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतला, साधा ड्रॉपरनं भरायचा. दुकानातल्या काकांनी निब भिंगाखाली धरून दोन्ही टोकं सारखी आहेत ना बघितलं, शाईत बुडवून कागदावर इंग्रजी आठचे आकडे काढले आणि म्हणाले, "ताई, पहिले पंधरा दिवस तुम्हीच वापरा, कोणाला देऊ नका." तेव्हा वाटलं उगीच सांगतायत. खरं असं आहे की पहिले पंधरा दिवस पेन नाही, आपला हात शिकतो. बॉलपेन उभा धरायची सवय असते, निबेला तिरकं धरलेलं आवडतं, आणि एकाच कोनात, पेन बोटांत फिरवला की रेघ मध्येच कोरी जाते. मला तीन आठवडे लागले.

आता ड्रॉपरच्या पेनाचं. पूर्ण पोकळीत शाई भरायची त्यामुळे सहज दोन-तीन मिली मावते आणि आठवडाभर बघायला नको. पण शाई अर्ध्याखाली गेली की हा पेन ओकतो. का, तर वर हवा जास्त झालेली असते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि खालच्या शाईला ढकलते. एका अख्ख्या उत्तरपत्रिकेवर माझा लाल थेंब पडला होता, त्या मुलाला वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की हा तुझा दोष नाही, माझ्या पेनाचा आहे. उपाय सोपा आहे, शाई अर्ध्यावर आली की परत भरायचा आणि आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं. एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे जे लेथवर कातलेले पेन आपल्याकडे दक्षिणेत बनतात त्यांच्या भिंती जाड असतात आणि त्यातून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे ते कमी ओकतात. पेपर तपासायला मात्र मी कन्व्हर्टरवाला, म्हणजे आत शाई ओढून घेणारी छोटी नळी असलेला पेन ठेवलाय. त्यात एक मिलीपेक्षा कमीच शाई मावते पण भरवसा आहे. साठ मिलीच्या एका बाटलीतून, दर वेळी ०.८ मिली धरलं तर, तो पंच्याहत्तर वेळा भरून होतो. आधी माझ्या टेबलाखालच्या डब्यात महिन्याला मूठभर रिकामे जेलपेन पडायचे, ते बंद झालं याचा मला खूप आनंद आहे.

पण मला मुख्य लिहायचंय ते मराठीबद्दल. नेटवर पेनांबद्दल जेवढं वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी असतं. जाड निब घ्या, शाईच्या छटा छान दिसतात वगैरे. जाड निबेनं मराठीत "लक्ष्मी" लिहून बघा. क्ष चं पोट भरून जातं, म ची गाठ बुजते, आणि "उद्ध्वस्त" तर वाचताच येत नाही. आपल्या अक्षरांत गाठी, पोटं, अर्धी अक्षरं एकावर एक बसवलेली, वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि हे सगळं त्या वहीच्या दोन ओळींत. म्हणून मराठीला बारीक निब. जपानी कंपन्यांची एफ, म्हणजे फाइन निब युरोपातल्या एफपेक्षा बारीक असते, त्यांनाही त्यांच्या कांजी लिपीसारखी दाट अक्षरं लिहायची असतात, त्यामुळे आपल्या जोडाक्षरांना ती बरोबर बसते. मी पायलटची एफ वापरते आणि "राष्ट्र" मधला ट्र आता वेगळा दिसतो.

आणि शिरोरेघ! हे कोणी सांगतच नाही. आपण शब्द आधी लिहितो आणि मग वरून रेघ मारतो. म्हणजे ताज्या, ओल्या शाईवरून निब परत आडवी जाते. शाई जास्त सोडणारा पेन असेल तर जिथे जिथे काना रेघेला मिळतो तिथे छोटा गोळा होतो, आणि निबेवर ओली शाई व कागदाचे तंतू चिकटून पुढचं अक्षर फरकाटतं. मी दोन गोष्टी करून बघितल्या. एक, लवकर वाळणारी शाई आणि कोरडा, म्हणजे शाई कमी सोडणारा पेन. दुसरी म्हणजे रेघ तुकड्यातुकड्यानं न मारता शब्द संपल्यावर एका हलक्या झटक्यात मारायची, निब टेकवायची नाही, फक्त फिरवायची. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ मारून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं टांगायचे, ती रेघ तोपर्यंत वाळलेली असायची, हे शिकवताना मी शंभर वेळा सांगितलं असेल पण त्यातली सोय मला हातात ओली निब आल्यावर कळली. बोरूची कत, म्हणजे टोकाचा छेदसुद्धा देवनागरीला इंग्रजीच्या उलट्या बाजूनं तिरकी घ्यायचे, म्हणून जाड-बारीक रेघा आपल्या वळणाला शोभतात. बाजारात मिळणारी निब गोल टोकाची असते, तिला तसं जाड-बारीक जमत नाही, पण तिनं अक्षर सावकाश होतं. माझं "ळ" वीस वर्षांत पहिल्यांदा ळ सारखं दिसायला लागलंय.

कागदाचं मात्र दुखणं आहे. पुरवण्यांचा कागद पातळ, त्यावर लाल शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते, मग तिकडचे गुण कुठले आणि इकडचे कुठले. बारीक निबेनं निम्मं काम होतं. घरच्या लिहिण्याला मी जरा जाड, गुळगुळीत बाँड पेपर आणते आणि शिवून वही करते. नाशिकचं हवामान पण यात येतं बरं का. एप्रिल-मे मध्ये दुपारी टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते, पहिलं अक्षर येतच नाही, तेव्हा ओल्या फडक्याला टेकवून घ्यायची. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, कागदच हवेतली ओल पिऊन बसतो आणि एरवी नीट वागणारी शाई त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. त्या दोन महिन्यांत मी वह्या कपाटात बंद ठेवते आणि लागेल तेवढी पानंच बाहेर काढते.

बॉलपेन पर्समध्ये असतोच, असायलाच हवा. बँकेच्या स्लिपखाली कार्बन असेल तर निबेनं खालची प्रत उमटत नाही, आणि जोर लावला तर निब फाकते. गुळगुळीत पावत्यांवर शाई वाळतच नाही. चेकवर धुता येणारी रॉयल ब्लू अजिबात वापरू नका, पाण्यानं जाते म्हणजे जाते, तिथे परमनंट शाई. आणि रांगेत कोणी "पेन देता का जरा" म्हटलं की बॉलपेन द्यायचा. पूर्वी लोक टोपण स्वतःकडे ठेवून पेन द्यायचे, म्हणजे तो परत यायचा, पण मला पेन हरवायची भीती नसते, निब दाबली जायची असते.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, कॉलेजात मराठी भाषा गौरव दिन असतो. यंदा मी भाषणांच्या ऐवजी एका टेबलावर चार पेन, दोन बाटल्या, टिपकागद आणि कोरे कागद ठेवले आणि मुलांना म्हटलं, आपलं नाव लिहा. सतरा वर्षांच्या मुलांनी निब उलटी धरली, कुणी एवढं दाबलं की कागद ओरबाडला गेला, एकीची बोटं निळी झाली आणि ती फोटो काढत बसली. मग सांडलेल्या शाईवर मी खडू टेकवला आणि खडूनं शाई वर ओढून घेतली, ते बघायला सगळा घोळका जमला. आम्ही पाचवीत हेच करायचो, पेन्सिल सुटून पेन हातात आलेलं ते वर्ष. दोन मुलं दुसऱ्या आठवड्यात स्वतःचे पेन घेऊन आली, आणि त्यातल्या एकाचं अक्षर मला आधी वाचता यायचं नाही ते आता येतं.

एक गोष्ट मात्र नक्की सांगते, वापरात असलेला पेन बिघडत नाही. पडून राहिला की बिघडतो. पाणी उडून जातं, रंग मागे राहतो आणि खाचांत दगड होतो. दोन-तीन आठवडे लिहायचं नसेल तर रिकामा करून साध्या पाण्यानं धुवायचा. आणि चित्रकलेची ती इंडियन इंक कधीही भरायची नाही, तिच्यात लाख असते, एकदा वाळली की निघत नाही.

हे मी एवढं सांगते कारण दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हिरो पेन. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांची नोकरी, आणि हा स्टीलच्या टोपणाचा पेन कायम शर्टाच्या खिशाला. ते सांगायचे, त्यांच्या शाळेत सिन्नरकडे शाईच्या गोळ्या मिळायच्या, दौतीत पाणी घालून विरघळवायच्या आणि टाक बुडवून लिहायचं. दांडेकरांची कॅमलिन १९३१ साली सुरू झाली तीच मुळी शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकत, घोड्याच्या छापाच्या. दादा गेल्यावर तो पेन अकरा वर्षं आईच्या कपाटात होता, आत शाई तशीच. मला कुणीतरी सांगितलं अर्धं ब्लेड चिरेतून फिरव. नाही फिरवलं, ब्लेडनं चीर कायमची खरवडली जाते. वाटीत कोमट पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि पेनाचं तोंड बुडवून ठेवलं. कोमटच, उकळतं नाही. याची निब पेनाच्याच आवरणाखाली झाकलेली असते, दिसते फक्त टोकाला, त्यामुळे आत काय चाललंय कळत नाही. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात एक निळा दोरा उतरला, बारीक, तळापर्यंत. मी आईला हाक मारली. ती चष्मा लावून वाटीजवळ बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ही त्यांचीच शाई ना गं?"

तीन दिवस पाणी बदललं. आतल्या रबरी नळीला सुदैवानं भेग नव्हती, पाच-सहा वेळा दाबून शाई ओढली. आईनंच आधी लिहून बघितलं, किराण्याची यादी, शेंगदाणे एक किलो, पोहे, हिंग. ती यादी दुकानात न्यायला मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली.