बैकलच्या बर्फात भोक पाडताना सांगलीचं कलिंगड आठवलं

मार्चमध्ये रशियातल्या बैकल सरोवरात आईस डायव्हिंग, म्हणजे गोठलेल्या बर्फाखाली डुबकी, करून आलो. सांगलीत जो भेटतो तो विचारतो पाण्याखाली काय दिसलं, पण खरं सांगू का, निम्मा वेळ बर्फात भोक पाडण्यातच गेला म्हणून तेवढंच नीट लिहितो. आईचं म्हणणं, "गावाकडं विहिरीत फुकट उडी मारता येती की रं, तितं जाऊन भोक कशाला पाडायचं?"

जाणं सोपंय, दिल्ली-मॉस्को-इर्कुत्स्क विमान आणि पुढं सरोवराकाठच्या लिस्तव्यांका गावाला ७० एक किलोमीटर गाडी, व्हिसा ऑनलाइन मिळतो. भारतातली व्हिसा-मास्टरकार्डची बँक कार्डं तिथं चालत नाहीत, रोख न्या. आणि लिस्तव्यांकाजवळ अंगारा नदी सरोवरातून निघते तिथं भर थंडीतही पाणी गोठत नाही, त्यामुळं गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय बर्फावर भटकू नका.

आता भोक. आधी बर्म्यानं छिद्र पाडून जाडी बघायची. चालायला स्वच्छ काळसर बर्फ १० सेंटीमीटर पुरतो, पांढरा दुधाळ असेल तर दुप्पट धरा. आमचा ६० निघाला. मग भुसभुशीत बर्फ फावड्यानं ओढून २-२ मीटर बाजूचा त्रिकोण आखायचा. त्रिकोणच का, तर चौकोनापेक्षा एक काप कमी, आणि वर येताना कोपऱ्यात दोन्हीकडं कोपरं टेकून अंग उचलता येतं.

कापायला चेन सॉ. साखळीला तिथली पोरं सूर्यफुलाचं तेल घालत होती, कारण साधं ऑइल पाण्यात उतरतं. सॉ पाण्याला लागली की गार फवारा थेट मांडीवर येतो, रेनकोटची पॅन्ट घालाच.

तिसरी बाजू मी कापायला मागून घेतली आणि तिथंच घोळ झाला. आपला कलिंगडवाला लाल आहे का दाखवायला तिकोनी फाक काढतो ना, वर रुंद खाली निमुळती, तसा माझा काप तिरका गेला. ती फाक वर ओढायची असते, आम्हाला मात्र लादी खाली दाबून बर्फाखाली सरकवायची होती, ती बुचासारखी घट्ट बसली. वर काढू म्हणालो तर हिशोब असा की एवढी लादी साडेनऊशे किलोच्या आसपास भरते, पण तरंगत असल्यामुळं खाली ढकलायला ८५-९० किलोच जोर पुरतो, म्हणजे दोघं उभे राहिले की झालं. शेवटी कडा परत तासल्या, अर्धा तास गेला. तर मंडळी, खाली ढकलायची असेल तर लादी वर अरुंद आणि खाली रुंद ठेवा, आणि शेवटचा काप घ्यायच्या आधी तिच्यात आईस स्क्रू फिरवून दोरी बांधा.

भोकापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा फावड्यानं साफ करायच्या, खालून त्या उजळ दिसतात, वाट चुकलेल्याला भोक सापडतं. डायव्हरला बांधलेली दोरी सुटलीच तर फिरत बसू नका, वर बर्फाच्या छताला टेकून थांबा, वरचा तयारीतला डायव्हर जास्त लांब दोरी घेऊन गोल फिरत तुम्हाला गाठतो. दोरीचे झटके किती म्हणजे काय हे उतरायच्या आधी ठरवून घ्या, प्रत्येक टीमचं वेगळं असतं. मी निघायच्या आधी सांगलीतच बर्फाची लादी आणून बादलीत हात बुडवून गाठी मारायची सवय केली होती, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण गार पडलेली बोटं आपलं ऐकतच नाहीत. रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या यंत्रातून, पाण्याबाहेर एकही श्वास घेऊ नका, तोंडातली वाफ आत गोठते आणि हवा सुसाट सुटते. ड्राय सूटचं, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या डायव्हिंगच्या पोशाखाचं, ट्रेनिंग आधीच उरकून जा.

रात्री भोकावर परत पापुद्रा धरतो. सकाळी तो फोडून तुकडे जाळीच्या मोठ्या झाऱ्यानं काढायचे, अगदी भजी काढल्यासारखे, ते काम रोज माझ्याकडंच होतं. निघताना भोवती फांद्या रोवून आलो, कारण नंतर त्यावर बर्फ भुरभुरला की मासे धरायला येणाऱ्याला कळत पण नाही खाली काय आहे ते.