सड्यावरची रंगीत तालीम

आज संध्याकाळी आईला घेऊन सड्यावर, म्हणजे गावच्या कातळाच्या माळावर, चक्कर मारली. निमित्त फेब्रुवारीतल्या अमेरिकावारीचं. ताई ॲरिझोनात टूसॉनला असते. तिथल्या सग्वारो नॅशनल पार्कात निवडुंगांच्या रानात आईला चालवायचं ठरलंय. तिचा एकच गुडघा धड, म्हणून वाट निवडली जेमतेम ८०० मीटरची, पक्की बांधलेली.

"निवडुंग बघायला एवढ्या लांब? आपल्या गडग्याला शेर आहे की!"

मग मी शहाणपणा केला. शेर निवडुंग नव्हेच, तो एरंडाच्या कुळातला, मोडला की चीक येतो. खरा निवडुंग म्हणजे फड्या, आणि तो मुळात अमेरिकेतलाच.

"म्हणजे त्याच्या माहेरी चाललोय म्हण."

तिथल्या सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात म्हटल्यावर मात्र आई कातळावर बसलीच. "माझ्या वयाचा झाला तरी नुसता खांब?"

ताईची सूचना एकच: फणी आणा. चोया नावाच्या निवडुंगाचा तुकडा निसटता लागला तरी कपड्याला चिकटतो. बोटांनी काढायला गेलं की बोटात. फणीनं उडवायचा. आणि पाणी भरपूर, कारण तिथे घाम येतो तसा सुकतो, कळतही नाही. इथे घामानं पाठीला ब्लाउज चिकटलेल्या बाईला हे कसं पटावं? (मलाही नीटसं पटलेलं नाही.)

आजीची लाकडी फणी आत्ताच पर्समध्ये गेलीय. बाटली मात्र "दोघींत एक पुरे."