शेवट ठाऊक असताना तोच थ्रिलर पुन्हा का बघायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून. खुनी कोण ते कळलं, फितूर सापडला, बॉम्ब फुटता फुटता राहिला; आता तोच सिनेमा चौथ्यांदा लावून बसण्यात काय हशील? थ्रिलरवेड्या माणसाला हा प्रश्न सारखा ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवही असते. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, जो दुसऱ्यांदा बघवत नाही तो सिनेमा म्हणजे नुसतं कोडं होतं, आणि सुटलेलं कोडं रद्दीत जातं. थ्रिलरचा जीव असतो हिशेबात: कुणाला काय कळलंय, कधी कळलंय आणि किती कळायचं राहिलंय.

सगळ्यात ठसठशीत पुरावा १९७३ सालचा 'द डे ऑफ द जॅकल'. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांना उडवायला एक भाडोत्री मारेकरी नेमला जातो, एवढीच गोष्ट. सिनेमा आला तेव्हा द गोल यांना जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती, आणि ते स्वतःच्या घरी, कुणाची गोळी न लागता गेले हे जगजाहीर होतं. म्हणजे तिकीट काढतानाच शेवट हातात. तरी जवळजवळ अडीच तास माणसं जागची हलत नाहीत, कारण दिग्दर्शक फ्रेड झिनेमान मारेकऱ्याचं काम दाखवत बसतो. लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव कबरीवरच्या दगडावरून उचलायचं, त्या नावाचा जन्मदाखला काढायचा, दाखल्यावर पासपोर्ट. बंदूक अशी बनवून घ्यायची की सुटी केली तर नळ्यांमध्ये मावेल. मग रानात जाऊन कलिंगड झाडाला टांगायचं, लांबून गोळी झाडायची, भोक कुठे पडलं ते बघायचं, दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवायचा, परत गोळी. शेवटी तो फुटणारी गोळी भरतो आणि कलिंगडाच्या चिंधड्या उडतात. त्या क्षणी कुणाच्या जिवाला धोका नसतो. पोटात खड्डा पडतो तो एवढ्यानेच, की हा माणूस आपल्या कामात पक्का आहे.

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्र्युफोला दिलेल्या मुलाखतीतलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आता चावून चोथा झालंय. प्रेक्षकाला बॉम्ब ठाऊक नसेल तर पंधरा सेकंदांचा दचका, ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांचा ताण. लोक एवढं सांगून थांबतात. पण बॉम्ब दाखवल्यावर ती पंधरा मिनिटं भरायची कशाने? खरी गोम तिथे आहे, आणि त्याची स्वतःची तऱ्हा बघायची तर १९४६ चा 'नोटोरियस' लावावा. घरात मेजवानी चाललीय. नायिकेने नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली काढून घेतलीय, कारण तिथल्या दारूच्या बाटल्यांत काहीतरी लपवलेलं आहे. वर पाहुण्यांसाठी शॅम्पेनच्या बाटल्या बर्फात लावून ठेवल्यात. पाहुणे पितायत, बाटल्या कमी होतायत. त्या संपल्या की नवरा आणखी आणायला तळघराकडे जाणार आणि जुडगा बघणार. बाटल्यांचंच घड्याळ केलंय! ते पात्रांच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला थांबवायचा उपाय नाही, आणि पाहुण्यांना 'पिऊ नका' म्हणायची सोयही नाही. याच्यापुढे बॉम्बवरचे ते लाल आकडे आठवा. बॉम्ब बनवणाऱ्याने तो फलक नेमका कुणाच्या सोयीसाठी बसवला? आणि तो शेवटच्या सेकंदाला थांबणार हे शेंबडं पोरही सांगेल.

बाटल्यांत होतं युरेनियमचं खनिज. हिरे असते तरी चाललं असतं. असल्या वस्तूला हिचकॉक 'मॅकगफिन' म्हणायचा: पात्रांचा जीव तिच्यात अडकलेला, प्रेक्षकाला तिच्याशी फारसं देणंघेणं नाही. हल्ली तिच्या जागी सगळ्या हेरांच्या नावांची यादी असते, तीही एका पेनड्राइव्हमध्ये. हेरगिरीचा पहिला धडा असा की ज्याला कामापुरतं जेवढं लागेल तेवढंच सांगायचं, म्हणजे एक पकडला गेला तरी बाकीचे वाचतात. कथेत असली यादी आली की लेखकाने हा धंदा लांबूनही बघितलेला नाही असं खुशाल समजावं.

प्रेक्षकाला माहिती दिली की तो बाजू घेतो, आणि कधीकधी नको त्याची. हिचकॉकच्याच 'सायको'मध्ये खुनानंतर मोटार दलदलीत ढकलली जाते. बुडता बुडता ती मध्येच थांबते. तेवढ्या दोन-चार क्षणांत आपण मनातल्या मनात 'बुड एकदाची' म्हणत असतो. पुरावा लपवणाऱ्याच्या बाजूला आपण गेलो कधी? शेवट माहीत असताना ही जागा पहिल्या खेपेपेक्षा जास्त बोचते.

चोरीपटांची मदार तर पूर्णपणे कामावर. तिथे एक अलिखित संकेत आहे: बेत टेबलावर नकाशा पसरून संपूर्ण समजावून सांगितला, तर तो फसणार, तडीस जाणार असेल तर त्यातला एखादा धागा प्रेक्षकापासून राखून ठेवलेला असतो. कारण साधं आहे. सांगितलेलं सगळं जसंच्या तसं घडलं तर आपण तेच दोनदा बघतो. ज्यूल्स दासँच्या 'रिफिफी'मधली (१९५५) चोरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते, आणि तेवढा वेळ संवाद नाही की संगीत नाही. वरच्या मजल्यावरच्या घरातून जवाहिऱ्याच्या दुकानाच्या छताला आधी छोटं भोक पाडतात. त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे भोक मोठं करताना पडणारा चुनाविटांचा चुरा छत्रीत गोळा होतो. खाली काही आपटलं तर अलार्म वाजेल. मग आग विझवायच्या नळकांड्यातला फेस अलार्मच्या पेटीत भरून तिची वाचाच बंद करतात. संगीतकार झॉर्झ ओरिकने या प्रसंगासाठी संगीत रचलंही होतं. प्रसंग संगीतासह आणि संगीताविना बघितल्यावर तोच म्हणाला, नको. आणि चोरी बिनचूक होते बरं का. फिसकटतं ते नंतर, एका अंगठीपायी. हत्यारं दगा देत नाहीत, माणसं देतात, म्हणून चोरीनंतरचा भागही तितकाच टिकतो.

पाठलागाबद्दल वाद घालणारे पुष्कळ भेटतात. माझी कसोटी एकच: कुठल्याही क्षणी सिनेमा थांबवला तर पुढे कोण, मागे कोण आणि दोघांत अंतर किती, हे सांगता आलं पाहिजे. 'बुलिट'मधल्या (१९६८) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरच्या पाठलागात चुका ढीगभर आहेत. तीच हिरवी बीटल मोटार पुन्हा पुन्हा मागे पडते, कारण एकच धाव वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपून पुढेमागे जोडलीय. खलनायकांच्या मोटारीला चाकं चार, पण निखळणाऱ्या चाकटोप्या चारपेक्षा जास्त. असू देत. पाठलागाला खरी सुरुवात होताच संगीत बंद होतं, उरतात इंजिनं आणि टायर, आणि कुठली गाडी कुठल्या उतारावर आहे याबद्दल शंका राहत नाही.

आता लगेच कुणी म्हणेल की मग भराभर कापलेले शॉट वाईटच. तसं नाही. २००७ च्या 'द बोर्न अल्टिमेटम'मध्ये शॉट सरासरी दोन सेकंदांच्या आसपास टिकतो, कॅमेरा सारखा हलता, तरी त्याला संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातला प्रसंग बघा. नायक फोनवरून एका पत्रकाराला गर्दीतून काढतोय: आता थांब, आता चाल, डावीकडे वळ. त्या सूचनाच आपल्याला जागेचा नकाशा देतात. नकलाकारांनी कॅमेऱ्याची थरथर तेवढी उचलली आणि नकाशा विसरले.

आवाजाचं म्हणाल तर मायकल मानच्या 'हीट'मधली (१९९५) बँकेबाहेरची चकमक. रस्त्यावर चित्रीकरणाच्या वेळी झाडलेल्या बिनगोळीच्या काडतुसांचाच आवाज त्यात वापरलाय, उंच इमारतींवर आपटून परत येणारा. स्टुडिओत चढवलेले गोळीबार त्यापुढे फटाक्यांसारखे वाटतात.

हेरपट मात्र वेगळ्या चालीचा. गुन्हेपटात 'सापडेल का' हा प्रश्न, हेरपटात 'विश्वास कुणावर ठेवायचा' हा, आणि तो प्रश्न धावपळीत विचारता येत नाही. त्याला शांतता लागते. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'च्या २०११ च्या सिनेमात बुडापेस्टच्या कॅफेमध्ये वेटरच्या घामाचा थेंब टेबलावर टपकतो आणि तेवढ्याने समजतं की सापळा लागलाय. नायक स्माइली सुरुवातीची बरीच मिनिटं तोंडच उघडत नाही. 'काही कळलंच नाही' अशी या सिनेमाबद्दल कायमची तक्रार असते. त्यावर एक सोपी खूण आहे. स्माइलीचा चष्मा बघा. नोकरीवरून काढल्यावर तो नवा चष्मा घेतो, त्यामुळे जुन्या चौकटीतला स्माइली भूतकाळातला. एवढं धरून ठेवलं की अर्धा गुंता सुटतो.

पाळतीचे प्रसंगही असेच पारखता येतात. पायी पाळत एकट्याने करत नाहीत. एक जण सावजाच्या जवळ, दुसरा त्याच्या मागे, तिसरा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला; सावज वळलं की जागा बदलायच्या, म्हणजे एकच चेहरा त्याला दोनदा दिसत नाही. लांब कोट घालून दहा पावलांवरून चालणारा आणि सावज थांबलं की वर्तमानपत्र उघडणारा हेर म्हणजे निव्वळ करमणूक. 'द फ्रेंच कनेक्शन'मध्ये (१९७१) पोलीस ज्याच्या मागावर आहेत तो छत्रीवाला सभ्य गृहस्थ भुयारी गाडीत चढतो, उतरतो, परत चढतो, आणि दार बंद झाल्यावर आतून पोलिसाला हात हलवून निरोप देतो. त्याच सिनेमात तो ऐटीत हॉटेलात जेवत असतो तेव्हा पोलीस समोर थंडीत कुडकुडत बेचव कॉफी ओतून टाकतो. पाळत म्हणजे बहुतांशी असं ताटकळणंच.

बरं, कलाटणीचं काय? कलाटणी हवीच, पण फसवणूक नको. पात्राने खोटं बोलावं. कॅमेऱ्याने बोललं तर प्रेक्षक माफ करत नाही. १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये खोटा पूर्वप्रसंग प्रत्यक्ष घडल्यासारखा दाखवला, आणि ती चूक झाली हे हिचकॉकने स्वतःच नंतर कबूल केलं. 'द कॉन्व्हर्सेशन'मध्ये (१९७४) चोरून ध्वनिमुद्रित केलेलं एकच वाक्य वारंवार ऐकू येतं, आणि शेवटाकडे त्यातल्या एका शब्दावरचा जोर बदललेला असतो. हीही लबाडीच म्हणता येईल, पण मला ती चालते. आपण ते वाक्य पूर्ण वेळ नायकाच्या कानांनी ऐकत होतो, आणि चूक त्याच्या कानांची होती. आपल्याकडचं उत्तम उदाहरण अर्थात 'दृश्यम', जीतू जोसेफचा २०१३ चा मूळ मल्याळी. तिथे साक्षीदार खोटं बोलतच नाहीत. त्यांनी बघितलेलं सगळं खरं, फक्त तारीख चुकीची. आणि माणसाला चेहरे, प्रसंग लक्षात राहतात, तारीख राहत नाही, एवढ्या एका गोष्टीवर आख्खी इमारत उभी आहे. दुसऱ्यांदा बघताना नायक कुणाकुणाशी सहज गप्पा मारतो आणि त्यात तारीख कशी पेरतो, ते बघण्यातच मौज.

तांत्रिक थापांबद्दल मी तसा उदार आहे. सायलेन्सर लावलेलं पिस्तूल 'फुस्' करत नाही. साधारण १६० डेसिबलचा आवाज वीस ते पस्तीस डेसिबलने उतरतो, म्हणजे पलीकडच्या खोलीतला माणूस दचकून उठेलच. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस क्षणात कोसळत नाही, त्याला काही मिनिटं सतत हुंगवावं लागतं. 'अजून तीस सेकंद बोलत ठेव, फोनचा माग लागतोय' हे जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातलं. डिजिटल एक्स्चेंजमध्ये फोन जोडतानाच नंबराची नोंद होते. असल्या गोष्टी जाता जाता आल्या तर सोडून द्याव्यात. पण सबंध उकल जर कॅमेऱ्यातलं धूसर चित्र मोठं करून गाडीचा नंबर वाचण्यावर टेकली असेल, तर सिनेमा तिथेच बसला. जे चित्रात उतरलंच नाही ते मोठं करून येणार कुठून?

करून बघायचं असेल तर आवडता थ्रिलर घ्या आणि हातात कागद. पहिल्यांदा नेहमीसारखा बघा. दुसऱ्यांदा कागदाचे तीन रकाने करा: नायकाला काय ठाऊक, खलनायकाला काय, आपल्याला काय. दर दहा मिनिटांनी थांबून भरा. चांगल्या सिनेमात तिन्ही रकाने सहसा सारखे येत नाहीत. जिथे सलग वीस मिनिटं ते सारखे येतील, तिथे तुम्ही पहिल्या वेळी फोन चाळत होतात की नाही ते आठवा. तिसऱ्यांदा मोठे प्रसंग आवाज बंद करून. ताण टिकला तर तो चित्रात आहे, गेला तर ढोलताशांत होता. सुरुवात 'नोटोरियस'च्या मेजवानीपासून करा, आणि बाटल्या मोजा.