युगांडा: समुद्र नाही, पण पाणीच पाणी

सगळ्यात आधी यलो फीव्हरचं इंजेक्शन. ते घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, त्यामुळे फ्लाइटच्या आदल्या आठवड्यात पळापळ करून काही उपयोग नाही, आमच्या मित्राला याच भानगडीत तिकीट पुढे ढकलावं लागलं. व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर. केनिया आणि रवांडा पण करणार असाल तर तिन्ही देशांचा मिळून १०० डॉलरचा घ्या.

एन्टेबेला विमान उतरताना खाली नुसतं पाणी, बायको म्हणे, अहो, या देशाला समुद्र नाही म्हणालात ना! तो लेक व्हिक्टोरिया. देशाचा साधारण सहावा हिस्सा पाण्यातच आहे, आणि तरी बाहेरून येणारा बहुतेक माल केनियातल्या मोम्बासा बंदरावरून ट्रकने येतो. हे पुस्तकी ज्ञान वाटतं ना? राजधानी कंपाला ते जिंजा रस्त्यावर कळतं, जेमतेम ८० किलोमीटर आणि ट्रकांच्या मागे आमचे चार तास गेले. पहाटे निघा. विषुववृत्तावरचा देश म्हणून नुसते सुती कपडे नेले होते, पण कंपाला जवळजवळ १२०० मीटरवर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतो.

वाटेत लुगाझीला उसाचे मळे लागतात, क्षणभर सांगली-कोल्हापूरकडे आल्यासारखं वाटलं. तिथली साखर मेहतांची, जिंजाजवळ काकिराला माधवानींची. रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी आपल्याकडून मजूर नेले, व्यापारीही गेले, आणि मग १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आपल्या लोकांना ९० दिवसांत निघा म्हणून सांगितलं. १९८६ पासून सत्तेवर असलेल्या मुसेवेनींनी नंतर परत बोलावलं, मालमत्ता परत दिल्या, काही आले, बरेच नाही. जिंजाच्या मेन स्ट्रीटवर जुन्या इमारतींच्या माथ्यावर आपल्या लोकांची नावं आणि बांधल्याचं साल अजून आहे, मी मान वर करून तेच वाचत फिरलो.

नाईलचा उगम तिथेच. स्पीक नावाच्या इंग्रजाने १८६२ मध्ये पाहिलेला धबधबा आता नाही, १९५४ च्या धरणात गेला, त्यामुळे खळाळता उगम बघायला जाल तर हिरमोड होईल. होडी करा, भाडं आधी ठरवा. काठावर गांधीजींचा पुतळा आहे, १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित केला होता. खरा धबधबा बघायचा तर मर्चिसन, अख्खी नाईल सात मीटरच्या फटीतून खाली पडते, तिथे मी बराच वेळ बोललोच नाही. गोरिला बघायचा परमिट ८०० डॉलर, आम्ही लांबूनच नमस्कार केला.

खाण्याची चिंता नको. रस्त्यावर रोलेक्स मिळतं, घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट! चपाती आपल्या लोकांनीच नेलेली. शाकाहारी असाल तर मातोके मागा, केळीच्या पानात वाफवलेली कच्ची केळी, वर दाण्याची घट्ट आमटी (तिखट सोबत न्या, मी नेलं नव्हतं).

माणसं मऊ बोलतात. दुकानात शिरल्या शिरल्या किंमत विचारली की समोरचा जरा नाराज होतो, आधी ख्यालीखुशाली. सकाळी 'वासुझे ओत्या', म्हणजे रात्र कशी गेली, शेवटी 'वेबाले', धन्यवाद. ही लुगांडा भाषा, युगांडातल्याच बुगांडा या जुन्या राज्याची, देशाचं नावही त्यावरूनच. त्यांचा राजा म्हणजे कबाका, १९६६ मध्ये पळवून लावला, १९९३ मध्ये गादी परत आली, राज्यकारभाराचे अधिकार मात्र नाहीत, पण लोक नाव घेतात ते आदराने.

बाइक टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात, ॲपवरूनच बोलवा, हेल्मेट मागून घ्या. डॉलरच्या जुन्या नोटा कोणी घेत नाही, आणि शंभराच्या नोटेला सुट्यांपेक्षा चांगला रेट मिळतो. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो. आणि ते यलो फीव्हरचं पिवळं कार्ड परत येताना बॅगेत चेक-इन करू नका, मुंबईला उतरल्यावर पण दाखवावं लागतं.