लाल दिवा लुकलुकत होता, रेकॉर्डिंग नव्हतं

पीएचडीच्या फील्डवर्कमधली माझी पहिलीच मुलाखत. आजी दीड तास बोलल्या, लोकांच्या घरी कामं करत उभं आयुष्य कसं काढलं ते सगळं, आणि मी वही मिटून नुसती ऐकत बसले कारण रेकॉर्डर आहे ना समोर. परत येऊन बघते तर फाइलच नाही! त्या रेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो, म्हणजे मशीन तयार आहे इतकंच, दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि स्क्रीनवर सेकंद पळायला लागतात. मी एकदाच दाबलं होतं. रात्री बसून आठवेल तेवढं लिहून काढलं पण आजींचे स्वतःचे शब्द गेले ते गेलेच, आणि मला तर तेच हवे होते.

तेव्हापासून सेकंद पळताना दिसल्याशिवाय मी पहिला प्रश्न विचारत नाही. आधी तारीख आणि कोड नंबर बोलते (नाव कधीच नाही), अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐकते. पंख्याची घरघर आपल्या कानाला सवयीची झालेली असते, माइक मात्र ती सगळी उचलतो, टेबलावर कप ठेवला तरी धाडकन आवाज येतो, म्हणून रेकॉर्डरखाली रुमालाची घडी ठेवते. फाइल वेव्हमध्येच (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारा फाइलचा प्रकार), 44.1 किलोहर्ट्झ 16 बिट स्टिरिओला, म्हणजे डावा-उजवा असे दोन ट्रॅक, तासाला साधारण 600 एमबी लागतात, एकच माणूस बोलणार असेल तर मोनो, म्हणजे एकच ट्रॅक, जागा निम्मीच जाते.

परवानगीचं मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फॉर्मवर सही झालेली असली तरी रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर परत विचारते, "रेकॉर्ड केलं तर चालेल ना? कधीही बंद कर म्हणा." एका ताईंनी नवऱ्याचा विषय निघाल्यावर तोंडाने काहीच म्हटलं नाही, फक्त रेकॉर्डरकडे बघितलं. मी बंद केला, मग त्या वीस मिनिटं बोलल्या. ते मी कुठेही वापरलेलं नाही.

आजींकडे परत गेले, काय झालं ते खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता नीट बघ बाई, दिवा लागला का." आणि सगळं परत सांगितलं, पण या वेळी गोष्ट कशी लावून, सरळ आली. पहिल्यांदा जिथे त्या अडखळून गप्प झाल्या होत्या ती जागा आलीच नाही. ती माझ्या वहीत आहे, एका ओळीत, रात्री आठवून लिहिलेली.